‘परत ते मला सहन होणार नाही’

घरातला कुत्रा गेल्यावर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसं हे वाक्य हमखास बोलतात. त्यांना मोठ्या वयाचा कुत्रा दत्तक घ्यायला सुचवलं, की ते आणखी ठाम होतं: ‘तो चार वर्षांत जाणार. परत ते मला सहन होणार नाही.’

सुलभाताई (नाव बदललं आहे) ६१ वर्षांच्या, पुण्यात एकट्या राहणाऱ्या. त्यांची पॉमेरेनियन जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलीने एका जॅक रसेल टेरियरचा फोटो पाठवला होता. नऊ वर्षांचा, मालक परदेशी गेले म्हणून शेल्टरमध्ये आलेला. ताई तो फोटो रोज बघत आणि रोज नको म्हणत.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “ती गेल्यावर काय काय झालं?”

“आठवडाभर घास उतरला नाही. तिचं भांडं दोन महिने ओट्याखाली तसंच होतं.”

“मग?”

“मग काय, भाचीचं लग्न निघालं. हळूहळू सुरू झालं सगळं.”

“म्हणजे सहन झालं.”

त्या चिडल्या. “मला काही वाटलंच नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“फार वाटलं. आणि तुम्ही ते सोसलंत. ‘सहन होणार नाही’ हे मात्र तुमच्या अनुभवातलं नाही.”

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मीही. अशा वेळी गप्प राहायला मी सरावाने शिकले आहे. मग त्या आपणहून म्हणाल्या, “पिल्लू आणलं तर ते पंधरा वर्षं जगायचं. मी तेव्हा ७६ची. त्याचं कोण करणार? मला म्हाताराच बरा.”

हा हिशोब मी सुचवला नव्हता. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याविषयीचा हट्टी समज माणसाला जास्त छळतो, असं मानणारी. तो समज सैल झाला, की माणसाची व्यवहारबुद्धी आपोआप कामाला लागते.

भीती गेली म्हणून लगेच कुत्रा आणू नये. मी ताईंना आधी पंधरा दिवस फॉस्टर करायला, म्हणजे दत्तक न घेता तात्पुरतं सांभाळायला सांगितलं. टेरियर म्हणजे बिळात शिरून कोल्ह्याला, उंदरांना हुसकावण्यासाठी पैदास केलेले कुत्रे. नऊ वर्षांचा झाला तरी तो खारीमागे धावेल, कुंड्या उकरेल. मांडीवर बसेलच असं धरू नका. दात, मूत्रपिंडं, हृदय, डोळे आधी तपासून घ्या. चावतो का, एकटा राहतो का, हे स्पष्ट विचारा. कुत्रा देणाऱ्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे, यातलं काही लपवू नका; लपवलंत तर तो पुन्हा शेल्टरमध्ये जाण्याची भीती असते. त्याची जुनी चादर आणि सवयीचं खाणं सोबत द्या. नव्या घरात तो पहिले काही दिवस पलंगाखाली बसेल, कमी खाईल. ओढून काढू नका, त्याला बघायला पाहुणे बोलावू नका. रुळायला तीन महिनेही लागतात. आणि आपल्यामागे त्याला कोण सांभाळणार, हे आधीच ठरवून ठेवा. ताईंनी भाचीला विचारून ठेवलं.

पहिले अकरा दिवस तो दाराकडे तोंड करून बसायचा. “त्याच्या माणसांची वाट बघतोय,” ताई फोनवर म्हणाल्या, “बघू दे. मीही बघायचे.”

पुढची भेट त्यांनीच रद्द केली. त्या दिवशी त्याची किडलेली दाढ काढायची होती.