ढिगाऱ्याखालचं जास्तीचं प्रेत

तलावपाळीवर दिलेली तुझ्या कादंबरीची तीन प्रकरणं वाचली. १९४० चं लंडन, बॉम्बवर्षाव आणि खून. विषय झकास, पण बॉम्ब नुसते मागे ढोलासारखे वाजतायत. त्यांना कटात घे ना!

७ सप्टेंबरपासून सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. रोज ढिगाऱ्यातून प्रेतं निघत असताना एक जास्तीचं कोण मोजणार? लंडनच्या हॅरी डॉबकिन नावाच्या माणसानं खरोखर हाच हिशेब केला. १९४१ मध्ये बायकोचा गळा आवळला आणि बॉम्बनं पडलेल्या चर्चच्या तळघरात तिला पुरलं. जुलै १९४२ मध्ये अवशेष सापडले, तेव्हा मजुरांना तो बॉम्बचाच बळी वाटला. पण त्यानं वर चुना टाकला होता, आणि त्या चुन्यानंच गळ्याचा भाग टिकला! कंठातली मोडलेली कूर्चा शवविच्छेदन करणारे डॉ. कीथ सिम्पसन यांच्या नजरेतून सुटली नाही. ओळख पटली दाताच्या डॉक्टरकडच्या नोंदींवरून. तुझ्या खुन्यालाही अशी एक हुशारी दे, जी त्याच्यावरच उलटेल.

आणि तो साक्षीदार! रात्री अकराला पलीकडच्या फुटपाथवरून चेहरा ओळखतो म्हणे. अगं, ब्लॅकआउट होता, रस्त्यावरचे दिवे बंद. घोडबंदरला लाइट गेली की इन्व्हर्टर बंद करून गॅलरीत उभी राहा, समोरच्या विंगमधलं कोण ओळखू येतंय बघ. त्याला चेहरा नको, चालण्याची ढब किंवा खोकला दे.

भुयारी स्टेशनातल्या फलाटावर झोपलेल्या गर्दीचा प्रसंग मात्र जमलाय. त्याला हात लावू नकोस.