कला आणि निसर्ग यांच्यातून माणसाला स्वतःची खरी ओळख सापडते का?

हो, सापडते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे बघा. लहानपणी आई गेली आणि या मुलाचं बोलणंच थांबलं. मनातलं सांगायचं तर तो धुळीत चित्रं काढायचा. वारली चित्रं तेव्हा बायका काढत, तीही मुख्यतः लग्नात, चौक लिहायला, म्हणजे भिंतीवर लग्नाचं चित्र काढायला. हा मात्र रोज काढू लागला. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी आणि डोळ्यांसमोरचं रान, शेत, पाणी. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, पण माझं मन अडकतं ते त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रात. बारीक बारीक रेघांनी अख्खं कापड भरलेलं असतं. मी ते कितीतरी वेळ बघत बसतो.