पहिल्यांदा ऐकताना वहीत काय लिहायचं

प्रिय मित्रा,

तुझी अकरा अल्बमची लिस्ट मिळाली, सगळी वाचली, काही दोनदा. प्रत्येकाला दहापैकी मार्क दिलेत, कुठे 'मस्त', कुठे 'बोअर', कुठे 'ओव्हररेटेड', पण मला जे वाचायचं होतं ते कुठेच सापडलं नाही, म्हणजे ऐकताना तुझा कान कुठे अडकला ते. मार्क काय रे, सहा महिन्यांनी बदलशील, पण पहिल्यांदा ऐकतानाचं ते पुढे काय येणार माहीत नसणं परत मिळत नाही.

माझंच सांगते. बरियल या लंडनच्या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचा 'अनट्रू' हा अल्बम आला २००७ ला, मी दोनेक वर्षांनी ऐकला, रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉपच्या स्पीकरवर, आणि वहीत लिहिलं, 'मागे सतत तडतडतंय, फोडणीत मोहरी पडल्यासारखं. ठेका जरा अडखळतोय. फाइल खराब आहे बहुतेक.' यातली पहिली दोन वाक्यं आजही बरोबर आहेत, तिसरं साफ चूक. ती जुन्या रेकॉर्डसारखी तडतड त्याने मुद्दाम ठेवलेली आहे, आणि ठेका अडखळतो कारण त्याने ड्रम सिक्वेन्सरच्या, म्हणजे ठोके समान अंतरावर बसवून देणाऱ्या साधनाच्या, चौकटीत बसवलेच नाहीत, साउंड फोर्ज नावाच्या साध्या ऑडिओ एडिटरमध्ये हाताने एकेक जुळवले. हे मला खूप नंतर कळलं, पण कानाने आधीच पकडलं होतं, घाई मी केली. म्हणून म्हणते, ऐकलेलं एका पानावर लिही आणि त्यावरून काय वाटलं ते दुसऱ्या पानावर, आणि पहिलं पान कधी खोडू नकोस.

आणि हो, तीन इलेक्ट्रॉनिक अल्बमना तू 'पातळ' म्हणालायस, ते मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलेस ना? तो एवढासा स्पीकर खालचा बेस काढूच शकत नाही, अर्धं गाणं तुझ्यापर्यंत आलंच नाही. हेडफोन लावून परत ऐक, शफल बंद करून.

बॉन इव्हेर, म्हणजे जस्टिन व्हर्नन या अमेरिकन गायकाचा बँड, त्याच्या पहिल्या अल्बमबद्दल तू जे लिहिलंयस ते सगळं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या जंगलातल्या त्या केबिनबद्दल आहे, जिथे त्याने हिवाळ्यात एकट्याने राहून तो रेकॉर्ड केला. गोष्ट खरी आहे, पण आधी वाचली की प्रत्येक गाण्यात बर्फच ऐकू येतो आणि त्याने स्वतःचाच आवाज थरावर थर चढवून जवळजवळ कोरस उभा केलाय ते निसटतं. गोष्टी नंतर वाच.

पॉपला 'सोपं' म्हणून दोन ओळींत उरकू नकोस, याचा मला खरंच त्रास झाला. स्वीडनची पॉप गायिका रॉबिन, तिचं 'डान्सिंग ऑन माय ओन' (२०१०) घे, खाली सिंथेसायझरचा बेस धडधडत राहतो, आणि वर ती गातेय की आपलं माणूस दुसऱ्या कुणाबरोबर दिसतंय. एवढं दुःख आणि पाय मात्र थांबत नाहीत, हे जमवणं सोपं नाही.

आता एक काम देते. चरणजित सिंग, मुंबईत हिंदी सिनेमांसाठी वाजवायचे, त्यांनी १९८२ मध्ये रोलँड या जपानी कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक मशिन्स घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांचा अल्बम केला. तेव्हा फारसा कुणी विचारला नाही, २०१० मध्ये परत निघाला तेव्हा बाहेरच्या लोकांना तो शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस या मशिनवर बनणाऱ्या डान्स संगीतासारखा वाटला, आणि ते संगीत तर याच्यानंतर काही वर्षांनी आलेलं. त्या बाहेरच्या लोकांना मशिन आधी ऐकू आलं. तुझ्या घरी गाणं आहे, तुला कदाचित भैरवी आधी ऐकू येईल, तसं झालं तर तसंच लिही, परदेशी रिव्ह्यूचे शब्द उसने आणू नकोस.

पहिला ट्रॅक भैरवीच आहे. रविवारी लाव, मार्क नकोत, दोन पानं पाठव. आईलाही शेजारी बसव, आणि ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिही.

तुझी,
ताई