सँटोरिनी की एपिरस?

प्रश्न : मुलगा म्युनिकला असतो, सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय आणि तिथून तिघं सहा दिवस ग्रीसला जायचं चाललंय. सगळे सँटोरिनी बेट म्हणतात, पण ह्यांना डोंगर हवेत, तरुणपणी खूप गड चढलेत. माझे गुडघे मात्र आता कुरकुरतात. मुलगा म्हणतो एपिरसला जाऊ. तिथे नेमकं काय आहे आणि शाकाहारी माणसाने खायचं काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, मुलाचं ऐका. एपिरस म्हणजे ग्रीसचा वायव्य कोपरा, अल्बेनियाच्या सीमेला लागून, सगळा पिंडस पर्वताचा मुलूख. मुक्काम दोनच ठिकाणी करा, दोन दिवस योआनिना शहर आणि चार दिवस झागोरीची डोंगरातली गावं, रोज बॅग भरत बसू नका.

योआनिना तळ्याकाठचं शहर आहे, १९१३ पर्यंत तुर्कांच्या ताब्यात होतं त्यामुळे किल्ल्यात अजून मशिदी दिसतात. तळ्यातल्या बेटावर बोट दहा मिनिटांत पोचवते. इथला जबरदस्त सत्ताधीश अली पाशा, सुलतानाशी वाकडं घेतलं म्हणून १८२२ मध्ये त्याच बेटावरच्या मठात मारला गेला, जमिनीच्या फळ्यांना पडलेली गोळ्यांची भोकं आजही दाखवतात. जवळच डोडोना, ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस याचं फार जुनं देवस्थान. ओकच्या पानांची सळसळ ऐकून पुजारी कौल द्यायचे, आणि लोक आपले प्रश्न शिशाच्या पातळ पत्र्यावर कोरून विचारायचे, लग्न करू का, मूल होईल का, प्रवासाला निघू का, असे पत्रे हजारोंनी सापडलेत. मला तिथल्या मोठ्या प्राचीन थिएटरपेक्षा हे पत्रेच जास्त लक्षात राहिले, कारण माणसं तेव्हाही अगदी तुमच्या-माझ्यासारखीच काळजी करत होती.

आता झागोरी. ४६ दगडी गावं, छपरंसुद्धा दगडी पाट्यांची, २०२३ पासून युनेस्कोच्या यादीत. कीपी गावाजवळचा तीन कमानींचा प्लाकिडा पूल नक्की बघा, १८१४ चा आहे, लांबून सरपटणाऱ्या सुरवंटासारखा दिसतो. कोनित्साचा पूल तर एकाच कमानीचा, आणि कमानीच्या पोटाला खाली एक छोटी घंटा टांगलेली. वारा जोराचा सुटला की ती वाजायची, म्हणजे आता पूल ओलांडू नका. पूर्वी ह्या पुलांवरूनच खेचरं, व्यापारी, मेंढपाळ जायचे, म्हणून मला ते नुसते फोटोचे स्पॉट वाटत नाहीत. आर्टाकडच्या भागातला प्लाका पूल २०१५ च्या पुरात कोसळला तेव्हा लोक अक्षरशः हळहळले, आणि नंतर तो पुन्हा दगडातच बांधून काढला.

तुमच्या ह्यांच्यासाठी विकोस दरी. मोनोदेंद्री गावाहून उतरून विकोस गावापर्यंत पाच-सहा तासांची चाल आहे, ते आणि मुलगा जाऊ देत. तुम्ही ऑक्सिया पॉइंटला गाडीने जा, शेवटचं थोडंसं चालणं आहे आणि मग दरी एकदम पायाखाली, तुमचं काही चुकत नाही. एकच सांगते, गावातल्या दगडी पायवाटा पाऊस पडला की साबणासारख्या होतात, तेव्हा बूट चांगल्या ग्रिपचे आणि काठी हवीच.

जेवणाची चिंता सोडा, हा पीताचा, म्हणजे आत सारण भरून भाजलेल्या पाय (pie) चा मुलूख आहे. पालेभाजीची, चीजची पीता कुठेही मिळते, टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे मिळतात. झागोरीची आलेवरोपीता पातळ पिठाची, वर फेटा चीज, कडा कुरकुरीत, पण त्यात बहुतेक अंडं असतं, तुम्हाला चालत नसेल तर आधी विचारा. मेत्सोवो ह्या डोंगरातल्या गावाला गेलात तर धुरी दिलेलं मेत्सोवोने चीज चाखा, तिथली जुनी माणसं घरात व्लाख बोलतात, रुमानियनच्या जवळची भाषा.

गाडी भाड्याने घ्याच, झागोरीत बस फार कमी. अथेन्सहून योआनिना साधारण साडेचार-पाच तास. तुमच्यापैकी जो भारतातल्या लायसन्सवर चालवणार असेल त्याने इंटरनॅशनल परमिट निघण्याआधी इथूनच काढून ठेवा, आणि झागोरीतल्या खोल्या आत्ताच बुक करा, गेस्टहाऊस छोटी असतात, वीकेंडला भरतात.