भावाची घरपट्टी आणि माझी

प्रश्न : आमचं घर बीड जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत, भावाचं लातूरला. दोन्ही स्लॅबची, आठशे फुटांच्या आसपास. तरी घरपट्टीचा मेळ बसत नाही. कुठली नगरपालिका नीट चालते हे बिलावरून ठरवता येईल का? गावाचं नाव छापू नका, वसुलीवाले ओळखीचे आहेत. – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, नाव छापत नाही. एका नगरपरिषदेच्या लेखा विभागात माझं आयुष्य गेलं, वसुलीवाल्यांशी वाकडं घेऊ नये हे मला कळतं.

बिलाला बिल लावून काही हाती लागणार नाही. लातूर 2011 पासून महानगरपालिका, तिला 1949 चा कायदा. तुमच्या नगरपरिषदेला 1965 चा. लोक टक्क्यावर भांडतात, पण खरी मेख भाडेमूल्यात, म्हणजे घर भाड्याने दिलं तर किती भाडं येईल या अंदाजात असते. समजा, महिन्याला चौरस फुटाला 1 रुपया दर धरला. आठशे फुटांचे वर्षाला 9,600. दुरुस्तीचे दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य 8,640. त्यावर 25 टक्के कर लावला तर 2,160 रुपये. दर 2 रुपये धरला की टक्का तोच, बिल 4,320! नगरपरिषदेत दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला हवी. ती कुठे वेळेवर होते, कुठे निवडणूक बघून लांबते. त्यातून शिक्षण उपकर आणि बिगरनिवासी जागा असेल तर रोजगार हमी उपकर बिलात दिसतात, पण ते राज्य सरकारचे. पालिका नुसती हमाल.

तुलनाच करायची तर आधी मागणी (पालिकेने आकारलेला कर) आणि वसुली बघा. चालू वेगळी, थकबाकी वेगळी. दोन्हींची बेरीज करून टक्का सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मग एकूण उत्पन्नात स्वतःचं किती आणि अनुदान किती ते बघा. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली, तेव्हापासून त्यांचा जीव सरकारच्या सहायक अनुदानात अडकलाय. महानगरपालिकांत जकातीनंतर एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, 2015 मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता गेला आणि 2017 पासून जीएसटीची भरपाई सुरू झाली. ती जुन्या उत्पन्नावर बेतलेली. म्हणजे जिथे पूर्वी बाजारपेठ मोठी, तिथे आजही भरपाईचा हप्ता मोठा. त्यात आजच्या कारभाऱ्यांची कर्तबगारी शोधू नका.

अंदाजपत्रक मात्र वाचू नका, निदान एकटं तरी. ‘शिलकी अंदाजपत्रक’ कसं होतं ते मी या हातांनी केलंय. सगळी जुनी थकबाकी यंदा शंभर टक्के येणार असं धरायचं, की शिल्लक आपोआप निघते. त्या थकबाकीत मेलेली माणसं होती, पडलेली घरं होती, एक घर तर दोनदा नोंदलेलं होतं. मार्चअखेर निम्मीसुद्धा यायची नाही. तेव्हा लेखापरीक्षण झालेले वार्षिक हिशोबच मागा. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी ते ऑनलाइन टाकायची अट घातली, त्यामुळे आता पूर्वीसारखं कपाट उघडायला कुणाच्या हातापाया पडावं लागत नाही.

आपल्या मराठवाड्यात आणखी एक आकडा धरावाच लागतो : पाणीपुरवठ्याचं वीजबिल. संभाजीनगरला जायकवाडीतून उपसा, लातूरला मांजरा धरणातून. 2016 मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पाणीपट्टी किती जमली आणि पंपाच्या विजेवर किती गेले, हे दोन आकडे शेजारी ठेवले की घरपट्टीतला रस्ता आणि नाली कुठे जिरली ते कळतं.

आणि हो, आधी तुमचा आकारणीचा उतारा काढा. आमच्याकडे एका म्हातारीच्या माळवदाच्या घराची नोंद ‘आरसीसी, भाड्याने’ अशी होती. नऊ वर्षं बाई निमूट भरत राहिल्या. फेरआकारणीच्या नोटिशीवर हरकतीची तारीख असते, ती चुकवू नका.