खाण बंद झाली की डंपमधून झिरपणारं आम्लाचं पाणी थांबतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावालगतची उघडी खाण एक-दोन वर्षांत बंद होणार आहे. डंपच्या, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या खडकाच्या ढिगाच्या, पायथ्याशी तांबूस-पिवळं पाणी झिरपतं. खाणवाले म्हणतात डंपवर झाडं लावू, खड्ड्याचं तळं होईल, त्यात मासे सोडू. मग पाणी आपोआप सुधारेल का?

ते पाणी खरंच आम्लाचं असेल तर नाही सुधारणार. खाणीतलं पाणी उपसणारे पंप बंद झाल्यावर ते आणखी बिघडण्याचीही शक्यता असते. खाणीच्या पाण्याची तपासणी आणि खाण बंद करण्याचे आराखडे हेच माझं काम राहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते आम्लच आहे का ते बघा. रंगावर जाऊ नका. गोव्यात लोहखनिजाच्या खाणींखालचे ओढे पावसात लालभडक वाहतात, पण तो मुख्यतः गाळ असतो. तिथलं लोखंड आधीच गंजलेल्या रूपात आहे, गंधक फारसं नाही, त्यामुळे तिथलं दुखणं शेतात आणि नदीत साचणाऱ्या गाळाचं आहे. तुम्ही झिरपणारं पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेवा. लाल माती खाली बसून वर नितळ पाणी राहिलं तर तो गाळ. भरताना पाणी नितळ होतं आणि उघडं ठेवल्यावर त्यात नारिंगी साका धरला, तर विरघळलेलं लोखंड आहे. मग पीएच बघा (७ च्या जितका खाली, तितकं पाणी आंबट), आणि त्यासोबत सल्फेट, म्हणजे गंधकाम्लाची पाण्यात उरणारी खूण, नक्की तपासून घ्या. पीएच ७ आला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. खडकात चुनखडीचा अंश असेल तर तो संपेपर्यंत पीएच बरा दिसतो, सल्फेट मात्र आधीच चढू लागलेलं असतं.

हे होतं कशामुळे? खडकात पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं सोनेरी चमकणारं खनिज. जमिनीखाली लाखो वर्षं ते निवांत असतं. सुरुंग लावून, फोडून, ट्रकने डंपवर ओतलं की त्याला हवा आणि पाणी दोन्ही मिळतं, आणि गंधकाम्ल तयार होतं. पाणी पुरेसं आंबट झालं की विरघळलेलं फेरिक (ऑक्सिजनमुळे बदललेलं) लोखंडच पायराइटला खायला लागतं. ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्ससारखे जिवाणू त्या लोखंडाला पुन्हा पुन्हा कामाला जुंपतात. म्हणजे एकदा सुरू झालं की ते स्वतःच स्वतःला चालवतं. ट्रक थांबले, कार्यालयाला कुलूप लागलं, याने त्याला काही फरक पडत नाही. वाटेत जे तांबं, जस्त, मँगनीज, ॲल्युमिनियम असेल तेही विरघळवून ते नाल्यात आणतं.

आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण कोपिलीचं. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत बिळांसारख्या खाणी खणून कोळसा काढत. ईशान्येकडच्या कोळशात गंधक भरपूर. त्या खाणींचं आंबट पाणी कोपिली नदीतून खाली आसामात उमरांग्सोच्या जलविद्युत प्रकल्पात पोचलं आणि पाण्याखालचे धातूचे भाग कुरतडून गेलं. वीज केंद्राने कोळशाला हातही लावला नव्हता! २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तसल्या खाणकामावर बंदी घातली. पण उघडी पडलेली बिळं आणि बाहेर टाकलेला माल तसाच राहिला, आणि बंदीचा आदेश काही पायराइटला वाचता येत नाही.

विदर्भातल्या कोळशात गंधक त्या मानाने बरंच कमी, त्यामुळे आपल्याकडे मेघालयासारखी स्थिती सरसकट नाही. पण डंपवर जातो तो कोळशाच्या वरचा-मधला खडक, आणि त्यातल्या एखाद्या थरात पायराइट असू शकतं. तांब्याचं खनिज असेल तर गोष्ट वेगळीच. गोंदियापासून फार लांब नसलेल्या मलांजखंडच्या तांब्याच्या खाणीतलं आम्लयुक्त पाणी हा अभ्यासाचा जुना विषय आहे. तिथे गंधकाची खनिजं आहेत आणि भोवतीचा खडक ग्रॅनाइटच्या जातीचा, म्हणजे आम्ल झटकन मारणारी चुनखडी नाही.

आता खड्ड्याच्या तळ्याबद्दल. अमेरिकेत मोंटाना राज्यात ब्यूट नावाचं तांब्याचं गाव आहे. तिथल्या बर्कली पिटच्या भागातले पंप १९८२ मध्ये बंद केले. पाणी चढत गेलं, भिंतींतल्या आणि जुन्या बोगद्यांतल्या खनिजांना धुऊन खाली आणत गेलं आणि लिंबाच्या रसाइतकं आंबट तळं तयार झालं. १९९५ मध्ये त्यावर उतरलेल्या हिमहंसांपैकी ३४२ मेलेले सापडले. मासे सोडण्याआधी तुमच्या खाणवाल्यांना एकच गोष्ट विचारा: पंप थांबल्यावर पाणी कोणत्या पातळीपर्यंत चढेल, आणि त्या पातळीच्या वर कोणता खडक उघडा राहील? पायराइटचा थर पाण्याखाली कायमचा बुडाला तर फायदाच आहे, कारण पाण्यातून ऑक्सिजन फार हळू सरकतो. पण ‘कायमचा’ म्हणजे मे महिन्यातही. पावसाळ्यात बुडायचं आणि उन्हाळ्यात उघडं पडायचं, यापेक्षा वाईट काही नाही.

डंपचं खरं काम मात्र खाण चालू असतानाच व्हायला हवं होतं. कोणता खडक आम्ल करणारा आणि कोणता नाही हे बोअरच्या नमुन्यांवरून आधी ठरवायचं, दोन्ही वेगळे टाकायचे, आम्लाचा माल मधे कोंडायचा किंवा पुन्हा खड्ड्यात, पाण्याच्या पातळीखाली भरायचा. हिशेब सोपा आहे. खडकात १ टक्का पायराइटचं गंधक असेल तर त्याचं आम्ल मारायला टनामागे साधारण ३१ किलो चुनखडी लागते. १ कोटी टनांच्या डंपसाठी ३ लाख टनांहून जास्त, म्हणजे मालगाडीचे ऐंशीहून अधिक रेक, आणि तीही खडकात मिसळलेली. डंप उभा राहिल्यावर वरून चुना भुरभुरणं हा देखावा झाला.

झाडांबद्दलही तेच. झाडं धूप थांबवतात, थोडं पाणी शोषतात, फोटोत छान येतात. पण हवा आणि पाऊस आत जाणं त्यांनी बंद होत नाही. त्यासाठी उतार कमी करायचे, चिकणमाती थरांत दाबून घ्यायची, वर जाड मुरूम आणि माती, आणि बाहेरचं पाणी डंपला भिडू नये म्हणून भोवती गार्लंड ड्रेन, म्हणजे कडेने फिरवलेला चर. आपल्याकडची काळी माती चिकण आहे म्हणून काही जण तीच उघडी पसरतात. एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि जूनचा पहिला पाऊस थेट आत! कोरड्या देशांत चालणारी, पाणी साठवून उन्हात उडवणारी आवरणंही आपल्या चार महिन्यांच्या पावसापुढे टिकत नाहीत.

मग उरतं ते पाणी गोळा करून शुद्ध करणं. चुन्याचं पाणी घालून, हवा देऊन धातू गाळाच्या रूपात खाली बसवतात. पद्धत खात्रीची आहे, फक्त थांबवता येत नाही, आणि रोज निघणारा गाळ कुठेतरी ठेवावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटनमध्ये खाणकाम १९६३ मध्ये संपलं. चुना घालून पाणी शुद्ध करणारा कारखाना १९९४ पासून चालू आहे आणि चालूच राहणार आहे. चुनखडीचे नाले किंवा पाणथळ जागा हे स्वस्त पर्याय कमी आम्लाला चालतात. लोखंड जास्त असेल तर चुनखडीवर गंजाची साल चढते आणि ती निकामी होते.

पैशाची बाजू मला सगळ्यात कच्ची वाटते. कोळसा सोडून इतर मोठ्या खनिजांच्या खाणींना २०१७ च्या नियमांखाली हेक्टरमागे आर्थिक हमी द्यावी लागते. अ वर्गाच्या, म्हणजे मुख्यतः मोठ्या यांत्रिक खाणींसाठी ती २०२१ मध्ये ३ लाखांवरून ५ लाख झाली. कोळसा खाणींसाठी २००९ पासून वेगळं एस्क्रो खातं असतं, म्हणजे खाण बंद करण्याच्या कामासाठीच राखून ठेवलेलं बँक खातं. दोन्हीकडे मोजमाप मुख्यतः क्षेत्रफळाचं. अ वर्गात १०० हेक्टरला ५ कोटी, मग डंपमध्ये निरुपद्रवी मुरूम असो की पायराइट. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या चुन्याच्या कारखान्याचा खर्च त्यात बसत नाही.

तुम्ही काय करू शकता? खाण कोळशाची नसेल तर अंतिम बंदीचा आराखडा बंद होण्याच्या किमान दोन वर्षं आधी नागपुरात मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोकडे जायला हवा. म्हणजे तुमच्या खाणीचा तो एव्हाना गेलेला असायला हवा. माहिती अधिकारात त्याची प्रत मागा. त्यात ‘वृक्षारोपण’ हे पान सोडून पुढे जा. आम्ल तयार होण्याच्या चाचण्या, तळ्याची अंतिम पातळी, आणि बंद झाल्यावर पाण्याची तपासणी किती वर्षं कोण करणार, हे तीन मुद्दे शोधा. सापडले नाहीत तर ग्रामसभेच्या ठरावासह लेखी विचारा, आणि एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या.

नमुने घेताना पहिल्या जोरदार पावसाचा एक नमुना नक्की घ्या. उन्हाळाभर डंपवर पांढरे-पिवळे क्षार साचतात आणि त्या पावसात एकदम धुऊन येतात. ऑगस्टमधल्या भरल्या नाल्याचा अहवाल नेहमीच गोड असतो. आकडे हाती आले की इथे टाका: पीएच, सल्फेट, लोखंड, आणि नमुना कुठे व कोणत्या तारखेला घेतला ते.