आफ्रिकान्स आणि इंग्रजी अशा दोन भाषांत चालणाऱ्या छोट्या कम्युनिटी रेडिओवर दोन्ही भाषा एका तासात कशा बसवतात?

तुम्ही दक्षिण आफ्रिकेत, वेस्टर्न केपमधल्या एका गावात राहता आणि तिथल्या कम्युनिटी रेडिओवर स्वयंसेवक म्हणून रुजू होताय. स्टेशन दोन भाषांत चालतं, तर तासाची मांडणी कशी करतात आणि चुका नेमक्या कुठे होतात, असा तुमचा प्रश्न आहे. मला हे काम आतून माहीत आहे, म्हणून नेमकं लिहितो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा सांगणं. ४० सेकंदांची सूचना आधी आफ्रिकान्समध्ये, मग तीच इंग्रजीत. तासाला अशा १२ सूचना असतील तर ८ मिनिटं निव्वळ पुनरुक्तीत जातात. शिवाय ज्याने पहिल्यांदाच ऐकलंय त्याचा हात त्या ४० सेकंदांत बटणाकडे जातो. त्याऐवजी प्रत्येक कार्यक्रमाची एक मूळ भाषा ठरवा. दुसऱ्या भाषेत फक्त चार गोष्टी सांगायच्या: काय, कुठे, कधी, फोन नंबर. याला १० ते १२ सेकंद पुरतात.

बातम्यांचंही तसंच. ठोक्याला एका भाषेत, अर्ध्या तासाला दुसऱ्या भाषेत, आणि ही जागा कधीच बदलायची नाही. लोक घड्याळ लावून ऐकतात. निधनवार्ता कुटुंबाने ज्या भाषेत दिली त्याच भाषेत पूर्ण वाचावी. अंत्यविधीची तारीख, वेळ आणि चर्चचं नाव तेवढं दुसऱ्या भाषेत सांगावं. अपवाद एकच, तो म्हणजे आणीबाणी. डोंगराला वणवा लागला, रस्ता बंद झाला, पाणी गेलं, तर लगेच, दोन्ही भाषांत, सगळं, आणि एकाच निवेदकाच्या तोंडून. दोन निवेदक असले की तपशिलात फरक पडतो आणि गावात दोन बातम्या फिरतात.

फोन करणारा त्याला हव्या त्या भाषेत बोलेल. निवेदकाने त्याच भाषेत उत्तर द्यावं आणि फोन ठेवल्यावर एका वाक्यात मूळ भाषेत सार सांगावं. केप टाउन आणि आसपासच्या कलर्ड (मिश्र वंशाच्या) वस्त्यांमध्ये बोलली जाणारी ‘काप्स’ बोली तर एकाच वाक्यात दोन्ही भाषा वापरते. ती ‘सुधारायला’ जाऊ नका. आफ्रिकान्स म्हणजे गोऱ्यांची भाषा हा समज चुकीचा आहे. ती बोलणाऱ्यांमध्ये गोरे नसलेलेच जास्त आहेत. १९७६ चा जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोतला विद्यार्थ्यांचा उठाव शाळांत आफ्रिकान्स माध्यम लादण्याविरुद्ध होता, हेही इथे कुणी विसरलेलं नाही. त्यामुळे भाषेचं माप इथे फार नाजूक आहे. २०२२ च्या जनगणनेत वेस्टर्न केपमध्ये घरी आफ्रिकान्स बोलणारे सुमारे ४१ टक्के, खोसा (तिथली एक आफ्रिकी भाषा) सुमारे ३१ आणि इंग्रजी सुमारे २२ टक्के होते. तुमच्या परवान्यात कोणत्या भाषेला किती वाटा द्यायचा हे लिहिलेलं असतं. पहिल्याच आठवड्यात तो कागद मागून वाचा. केप टाउनचं बुश रेडिओ हे तिथलं सुरुवातीचं आणि नावाजलेलं कम्युनिटी स्टेशन इंग्रजी, आफ्रिकान्स आणि खोसा अशा तिन्ही भाषांत बोलतं. ते जरूर ऐका.

आता वेळ सांगण्याबद्दल. इथे नवा माणूस हमखास फसतो. आफ्रिकान्समध्ये ‘हाल्फ आख्त’ म्हणजे आठाला अर्धा तास कमी, म्हणजे साडेसात. इंग्रजीत ‘हाफ एट’ म्हणजे साडेआठ. शब्द तेच, फरक पुऱ्या एका तासाचा. म्हणून दोन्ही भाषांत ‘सात तीस’ असंच वाचायचं, असा नियम स्टुडिओच्या भिंतीवर लावा. आकड्यांचा घोळ मराठी माणसाला चटकन कळेल. आपल्या ‘पंचवीस’सारखंच आफ्रिकान्समध्येही एकक आधी येतं: ‘फेफ-एन-ट्विन्तख’, पाच आणि वीस. फोन नंबर जोडीने वाचला की इंग्रजी श्रोता २५ च्या जागी ५२ लिहून घेतो. नंबर नेहमी एकेक अंक करून, दोनदा वाचावा. दशांश चिन्हाचंही तेच: इंग्रजीत ‘पॉइंट’, आफ्रिकान्समध्ये ‘कोमा’. स्टेशनच्या फ्रीक्वेन्सीची जिंगल दोन्ही भाषांत वेगवेगळी रेकॉर्ड करून ठेवा.

माइकचाही भाषेशी संबंध आहे. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ हवा सोडत येतो, जवळजवळ आपल्या ‘फ’च्या अंगाने, आफ्रिकान्सचा ‘प’ आपल्या ‘प’सारखा कोरडा असतो. त्यामुळे एकच निवेदक, एकच माइक, पण इंग्रजीत फटफट आवाज येतो. माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला वळवा, एका मुठीएवढं अंतर ठेवा, फोमचं आवरण घाला.

फोनवरच्या माणसाला स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येऊन तो अडखळतो, ही तक्रार बहुतेक वेळा मिक्स-मायनस नसल्याची असते. फोनकडे जाणाऱ्या लाइनमध्ये फोनचा स्वतःचा आवाज वगळून बाकी सगळं जायला हवं. मिक्सरवर एक ऑक्स (बाहेर जाणारी वेगळी लाइन) मोकळा ठेवा, त्यात माइक आणि संगीत चढवा, फोनचा चॅनेल शून्यावर ठेवा.

प्रत्येक फाइलच्या नावाआधी भाषेचं अक्षर लावा. जाहिरातदाराकडून दोन्ही भाषांतल्या आवृत्त्या घ्या आणि प्लेआउटच्या (गाणी-जाहिराती क्रमाने लावणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये भाषेप्रमाणे वेगळे गट करा. नाहीतर इंग्रजी तासात सलग तीन आफ्रिकान्स जाहिराती लागतात. कायद्याप्रमाणे प्रसारणाचं रेकॉर्डिंग ६० दिवस सांभाळावं लागतं. १२८ केबीपीएस मोनोमध्ये दिवसाला सुमारे १.४ जीबी, ६० दिवसांचे ८५ जीबीच्या आत. महिन्याला त्यातला एक आठवडा काढून कोणत्या भाषेला किती मिनिटं गेली ते मोजा. परवान्याच्या टक्केवारीशी ताळा तिथेच होतो. निवडणुकीचा काळ सोडून राजकीय पक्षाची जाहिरात लावता येत नाही, ओळखीच्या नगरसेवकाचीही नाही. स्थानिक बातम्या मात्र मोकळेपणाने द्या. भारतातल्या कम्युनिटी रेडिओला आकाशवाणीच्याच बातम्यांवर थांबावं लागतं. इथे गावाची बातमी हेच स्टेशनचं बळ.

लोडशेडिंग हा शब्द आपल्याला नवा नाही. दक्षिण आफ्रिकेत २०२३ मध्ये त्याने कळस गाठला होता, आणि तयारी आजही ठेवावीच लागते. हिशोब सोपा आहे. ३०० वॅटचा ट्रान्समीटर भिंतीवरच्या प्लगमधून सुमारे ५०० वॅट खेचतो, स्टुडिओ ४०० वॅट. मिळून ९००, म्हणजे ४ तासांना ३.६ युनिट. ५ युनिटांची लिथियम बॅटरी इन्व्हर्टरचा तोटा धरून जेमतेम पुरते, पण पुन्हा वीज जाईपर्यंत ती भरायलाही वेळ हवा. कॉम्प्युटरला वेगळा छोटा यूपीएस द्या; वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणात प्लेआउट रीस्टार्ट झालं की पाच मिनिटं शांतता. आणि स्टुडिओचा आवाज टॉवरवर घेणाऱ्या लिंकचा रिसीव्हर बॅटरीवर आहे ना, ते बघा. स्टुडिओ जिवंत आणि टॉवर मेलेला, हे फार वेळा घडतं.

आवाज पोचत नाही म्हणून ट्रान्समीटर वाढवू नका. ईआरपीची (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या शक्तीची) मर्यादा परवान्यात असते. आधी केबल बघा. ३० मीटर आरजी-२१३ या साध्या केबलमध्ये एफएमच्या पट्ट्यात सुमारे २ डेसिबल जातात, अर्ध्या इंची, कमी तोट्याच्या हेलिअ‍ॅक्समध्ये सुमारे ०.७. अँटेनाचा ३ डेसिबल फायदा धरला तर ३०० वॅटचे पहिल्या केबलने सुमारे ३७५ वॅट होतात, दुसऱ्या केबलने ५००. आणि पाऊस पडला की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचं माप) चढत असेल, तर अँटेनाजवळच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलंय असं समजा. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने हे लवकर होतं. कनेक्टर बदला, त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, आणि केबलला आत शिरण्याआधी खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथेच गळून जाईल.